जुनी फोर-बाय-फोर जीप दीड लाखात पुन्हा रस्त्यावर: तात्यांची एमएम ५४० आणि खिशातला फोन

"काय बे, कंप्युटरवाला आता जीप रिपेर करणार काय?"

हे काकांचं वाक्य. स्थळ आमचं कुंभारीचं घर, सोलापूरपासून अक्कलकोट रोडला. गोठ्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये तात्यांची म्हणजे माझ्या आजोबांची महिंद्रा एमएम ५४० उभी होती. १९९४ चं मॉडेल, एमएच-१३ पासिंग. तात्या गेल्यावर जीप काकांच्या नावावर झाली, पण चार वर्षं कुणी हात लावला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नोंदणीची मुदतही संपली. एक भंगारवाला येऊन चाळीस हजार रुपये सांगून गेला आणि काका जवळजवळ तयार झाले.

मी मध्ये पडलो. काकांनी अट घातली: "गड्ड्याच्या जत्रेपर्यंत चालू करून कागद क्लिअर कर. नाहीतर संक्रांतीनंतर मी देऊन टाकतो. आणि दीड लाखाच्या वर एक रुपया मागायचा नाही."

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिग्री इंजिनिअरिंगची असली तरी तोपर्यंत पाना हातात धरला होता तो फक्त सायकलसाठी. हातात सहा महिने, महिन्यातून दोन शनिवार-रविवार आणि एक फोन. या लेखात मी काय केलं, ते का केलं, कुठे पैसे वाचले आणि कुठे बुडाले, हे सगळं सांगतो. तुमच्या घरी अशी एखादी जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा आजोबांची स्कूटर असेल तर यातलं बरंच तसंच्या तसं वापरता येईल.

आधी थोडं समजून घेऊ: ही जीप नक्की काय आहे?

आज "थार" म्हटलं की सगळ्यांना कळतं. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीस जीपमध्ये आहे. महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीस जीप जोडायला सुरुवात केली. सुटे भाग अमेरिकेतून यायचे आणि जोडणी इथे व्हायची. नंतर भागही इथेच बनू लागले.

पुढे डिझेल इंजिनची गरज पडली. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या पूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनचं लायसन्स घेतलं. आमच्या जीपमध्ये तेच इंजिन आहे. नावातच माहिती आहे: ४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनची चाल ८३ मिलिमीटर. गुणाकार केला की २११२ सीसी येतात. कॅल्क्युलेटर उघडून करून बघा.

या इंजिनात एकही सेन्सर नाही. ईसीयू नाही, सॉफ्टवेअर नाही, डॅशबोर्डवर एरर कोड नाही. डिझेल किती सोडायचं आणि कधी सोडायचं हे एक मेकॅनिकल पंप ठरवतो. त्यामुळे नवीन गाडीसारखं स्कॅनर लावून "काय बिघडलंय" हे कळत नाही. पण उलटा फायदा असा की सगळं डोळ्यांनी दिसतं आणि हाताने मोजता येतं. सेन्सर गाडीत नसले तरी तुमच्या फोनमध्ये आहेत, आणि लेखात पुढे ते कामाला येणार आहेत.

फोर-बाय-फोर म्हणजे फक्त चार चाकं फिरणं नाही

एमएम ५४० मध्ये गिअरबॉक्सच्या मागे एक दुसरा छोटा गिअरबॉक्स असतो. त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. त्याचे दोन छोटे लिव्हर ड्रायव्हरच्या बाजूला असतात. एक लिव्हर पुढच्या चाकांना ताकद जोडतो. दुसरा हाय किंवा लो निवडतो. लो मध्ये गाडीचा वेग साधारण अडीच पट कमी होतो आणि चाकांवरची ताकद साधारण अडीच पट वाढते. ताकद फुकट येत नाही, वेग देऊन विकत घ्यावी लागते.

आता एक गोष्ट जी अनेक जीपवाल्यांनाही माहीत नसते. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोर-बाय-फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात आणि मागची लहान वर्तुळात. म्हणजे पुढच्यांना जास्त फिरायचंय, पण फिरता येत नाही. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून ताण गिअरवर आणि शाफ्टवर साठत जातो. म्हणून नियम सोपा: कोरड्या रस्त्यावर फोर-बाय-फोर टाकायचं नाही.

याच कारणामुळे चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले लागतात. आमच्या टायरचा घेर साधारण २.२७ मीटर आहे, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ४४० फेरे. पुढच्या टायरची त्रिज्या मागच्यापेक्षा फक्त १ सेंटिमीटर कमी असेल तर दर फेऱ्याला ६.२८ सेंटिमीटरचा फरक पडतो. एका किलोमीटरला तो जवळजवळ २८ मीटर होतो. सरळ रस्त्यावर सुद्धा! आमच्या जीपला दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर होते. तात्या "फोर व्हील टाकलं की जीप ओढते" असं का म्हणायचे ते मला तेव्हा कळलं.

आणि आणखी एक भ्रम दूर करतो. आमच्याकडची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर साबणासारखा होतो. एका एक्सलवरचं एक चाक घसरायला लागलं की साधं डिफरन्शियल ताकद त्याच चाकात वाया घालवतं. तेव्हा फोर-बाय-फोर असूनही गाडी अडकू शकते. ती मदत आहे, जादू नाही.

पायरी १: पाना उचलायच्या आधी फोन उचला

मी दोन आठवड्यांनी एकदा गावी जायचो. दोन आठवड्यांत कुठला बोल्ट कुठला होता हे कोण लक्षात ठेवणार? ऑफिसमध्ये आपण कोडमध्ये प्रत्येक बदल नोंदवून ठेवतो, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येतं. तेच इथे केलं:

- कुठलाही भाग काढायच्या आधी तीन फोटो: लांबून, जवळून आणि बाजूने. फोटोत एक छोटी पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं.
- प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत. पिशवीवर मार्करने नंबर. तोच नंबर कागदावर लिहून फोटोत.
- एका शीटमध्ये नंबर, भागाचं नाव, तारीख, अवस्था आणि नवीन घेतला तर किंमत.
- वायर सोडवण्याआधी दोन्ही टोकांना टेपची चिठ्ठी. जुन्या गाडीत रंगांवर विश्वास ठेवू नका, तीस वर्षांत कुणी कुठली वायर जोडली असेल सांगता येत नाही.

शेवटी माझ्याकडे सहाशेच्या वर फोटो झाले. मिस्त्री पहिल्यांदा हसले. नंतर ब्रेकची स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे त्यांनीच मला विचारलं.

पायरी २: इंजिन खोलायचं की नाही? आधी मोजा

जीप सुरू व्हायला खूप त्रास द्यायची. झाली की पांढरा धूर आणि एक सिलिंडर चुकल्यासारखा आवाज. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, ऐकलं आणि सांगितलं, "पूर्ण इंजिन काम. सत्तर हजार धरा." माझं अर्धं बजेट तिथेच संपलं असतं.

इथे थोडं विज्ञान. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि त्या गरम हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. दाब कमी झाला तर हवा पुरेशी तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि पांढऱ्या धुरासारखं बाहेर येतं. (काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.) थंड इंजिनाला मदत म्हणून हीटर प्लग असतात.

म्हणून मी तीन तपासण्या केल्या, स्वस्त ते महाग या क्रमाने.

हीटर प्लग: मल्टिमीटर, साडेतीनशे रुपयांचा. प्रत्येक प्लगची वायर सोडवून रेझिस्टन्स बघितला. चारपैकी दोन पूर्ण ओपन, म्हणजे मेलेले. बदलले. सुरू होणं थोडं सुधारलं, आवाज तसाच.

कॉम्प्रेशन टेस्ट: हीटर प्लगच्या जागी गेज लावून सेल्फ मारायचा. लक्षात ठेवा, डिझेलला वेगळा गेज लागतो, पेट्रोलचा गेज या दाबाला टिकत नाही. मी भाड्याने आणला. आकडे आले २७, २६, १९ आणि २७ बार. आकडा किती मोठा आहे यापेक्षा चारही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. तिसरा सिलिंडर गुन्हेगार.

ऑइलची चाचणी: तिसऱ्या सिलिंडरमध्ये अगदी थोडं, चहाच्या चमच्याहून कमी ऑइल टाकून पुन्हा मोजलं. ऑइल पिस्टनच्या रिंगभोवती पसरून फट बुजवतं. दाब एकदम वाढला तर रिंग खराब. आमच्याकडे १९ चा १९.५ झाला. म्हणजे रिंग ठीक, गळती वर व्हॉल्व्हमधून. (डिझेलमध्ये ऑइल जास्त टाकू नका. पिस्टनच्या वर जागा फार कमी असते, ऑइल दाबलं जात नाही आणि इंजिन आतून वाकू शकतं.)

मग टॅपेट गॅप बघितला. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गॅपच नव्हता, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. गॅप सेट केल्यावर दाब २१ झाला. सुधारला, पण पुरेसा नाही. म्हणून फक्त हेड उतरवलं. व्हॉल्व्हची कड जळून खड्डे पडले होते. एक व्हॉल्व्ह नवा, बाकीचे ग्राइंडिंग पेस्ट लावून घासले, नवीन हेड गॅस्केट, नोझल पंपवाल्याकडे तपासून घेतले. ऑइल-फिल्टर धरून सगळे मिळून २३,५०० रुपये. सत्तर हजारांचं काम नव्हतंच.

त्या गॅरेजवाल्याला मी फसवा म्हणणार नाही. कान हाही एक सेन्सर आहे, पण तो "काहीतरी बिघडलंय" एवढंच सांगतो. नेमकं कुठे, ते मोजल्यावर कळतं. आपण कोड डीबग करताना पूर्ण प्रोग्राम पुन्हा लिहीत नाही, आधी चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधतो. हे अगदी तेच.

पायरी ३: चालण्याआधी थांबणं

रंग, टायर, म्युझिक सिस्टिम हे सगळं नंतर. आधी ब्रेक आणि स्टिअरिंग. आमच्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. चार वर्षं उभ्या गाडीत त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतात आणि रबर फुगतं. बाहेरून सगळं छान दिसतं. मी सर्व रबर पाइप, व्हील सिलिंडरचे किट, लायनर आणि ऑइल बदललं. १२,००० रुपये. या ओळीत काटकसर करू नका.

इथेच मी पैसे बुडवले. "सर्व जुन्या जीपला बसेल" असं लिहिलेले ब्रेकचे किट आणि गॅस्केटचा एक सेट ऑनलाइन मागवला. किटचं माप वेगळं निघालं आणि गॅस्केट दुसऱ्याच इंजिनचं. परत घेतलं नाही. ४,५०० रुपये गेले. तीस वर्षांत गाडीत मूळचं काय उरलंय हे नाव सांगत नाही. त्यानंतर प्रत्येक भाग व्हर्नियरने मोजून, जुन्या भागाचा पट्टीसकट फोटो दुकानदाराला पाठवून मगच घेतला. एकही चुकला नाही.

सुरक्षेचे तीन नियम, घासाघीस न करता:

- फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. खाली पक्के स्टँड हवेत. आमच्याकडे विटांचा थर लावायची सवय आहे. वीट दाबाने अचानक फुटते.
- वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवायची आणि डिझेलची टाकी उतरवायची.
- नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत घुसतं.

पायरी ४: गंज, आणि जो नंबर जवळजवळ गेला

सोलापूरकडे पाऊस कमी, हवा कोरडी. त्यामुळे कोकणातल्या जीपपेक्षा आमच्या पत्र्याची अवस्था बरी होती. जुनी जीप विकत घ्यायची असेल तर कोरड्या भागातली शोधा, हा फुकटचा सल्ला.

पत्रा तपासायला फ्रिजवरचं लोहचुंबक कापडात गुंडाळून गाडीभर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. चासीच्या पोकळ पट्ट्यांच्या आत बघायला फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो, हजार रुपयांच्या आसपास. तुमचा फोन त्याला सपोर्ट करतो का ते आधी बघा. मला त्यात पायाखालच्या पत्र्याला पडलेली दोन भोकं आणि मागच्या क्रॉस मेंबरमध्ये साठलेली माती दिसली. चासी ठणठणीत होती. चासीच सडलेली निघाली असती तर मी काकांना स्वतःहून सांगितलं असतं, "द्या भंगारात."

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवा यांचा संयोग. तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचं नवीन लोखंड उघडं पाडतो, म्हणून थांबत नाही. वरून रंग मारला तर तो रंगाखाली वाढत राहतो. आधी वायर ब्रशने सुटा गंज काढायचा. मग फॉस्फोरिक ॲसिड असलेलं रस्ट कन्व्हर्टर लावायचं. ते उरलेल्या गंजाचं काळसर, टिकाऊ आयर्न फॉस्फेट करतं. मग प्रायमर, मग रंग. फक्त रेड ऑक्साइड मारून वर्षभर सोडू नका, प्रायमरमधून ओलावा आत जातो.

आता तो प्रसंग. एका शनिवारी मी पोचलो तेव्हा पेंटरकडचा मुलगा ग्राइंडर घेऊन चासी घासत होता. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला पोचायला हातभर अंतर उरलं होतं. तिथे कुठेतरी चासी नंबर कोरलेला असणार होता, आणि तीस वर्षांच्या रंगाखाली तो कुणालाच दिसत नव्हता. मी ओरडलो. काकांनीही बहुतेक माझा असा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

तो नंबर घासला गेला असता तर इंजिन कितीही गोड चालो, जीपची कागदावरची ओळख संपली असती. आरटीओत तपासणीच्या वेळी चासी नंबर आरसीशी जुळवतात, त्याचा पेन्सिलने छाप घेतात. नंबर नाही म्हणजे गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसा.

मग नंबर शोधला. पेंट रिमूव्हर आणि मऊ ब्रशने रंग काढला, ग्राइंडर लांब ठेवून. तरी आकडे धूसर. उपाय फोनचाच: अंधार पडल्यावर एका फोनची टॉर्च लोखंडाला जवळजवळ समांतर धरली आणि दुसऱ्या फोनने समोरून फोटो काढला. तिरप्या उजेडात उथळ खाचेचीही सावली पडते. समोरून फ्लॅश मारला की तीच खाच गायब होते. टॉर्च चार बाजूंनी फिरवून चार फोटो काढले आणि सगळे आकडे वाचता आले. आरसीशी जुळले. काका शेजारी उकिडवे बसून एक-एक आकडा मोठ्याने वाचत होते. त्या दिवसानंतर त्यांनी "भंगार" हा शब्द वापरला नाही.

पायरी ५: कागद

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी फॉर्म २५. दिल्ली परिसरात १० वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि त्या बातम्या वाचून आपल्याकडेही लोक घाबरतात. महाराष्ट्रात तसा सरसकट नियम नाही. गाडी तपासणीत पास झाली तर नूतनीकरण होतं.

मात्र ते महाग झालंय. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारसारख्या हलक्या गाडीची नूतनीकरण फी १०,००० रुपये आहे. अर्ज उशिरा केला तर दर महिन्याला ५०० रुपये वेगळे. मी नोव्हेंबरमध्ये अर्ज केला तेव्हा १४ महिने झाले होते, म्हणजे ७,००० रुपये. जीप शेडमध्ये नुसती उभी असतानाही हे मीटर चालू होतं. तुमच्या घरची जुनी गाडी ठेवायची असेल तर आजच परिवहनच्या ॲपवर तिची मुदत बघा. लेखातलं दुसरं काही केलं नाही तरी चालेल, हे करा.

बाकीचं:

- १५०० सीसीच्या वरच्या खाजगी कारला थर्ड पार्टी विम्याचा ठरलेला दर वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी.
- हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी.
- पर्यावरण कर आणि पीयूसी. एवढ्या जुन्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू आहे. नोझल आणि व्हॉल्व्ह नीट केल्यामुळे आमची आरामात बसली.
- नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे. आम्ही टोइंग करून नेली.
- गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्या. आमचं हे काकांनी आधीच केलेलं होतं, म्हणून दोन महिने वाचले.

"विंटेज" करून टाकू असं काहीजण सुचवतात. २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते आणि ती रोज वापरता येत नाही. १९९४ ची जीप त्यात बसत नाही.

आणि मॉडिफिकेशन? मोठं इंजिन, बाहेर आलेले टायर, उंच केलेली बॉडी रील्समध्ये छान दिसते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल असं सांगतो की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. मूळ रूपात ठेवली की खर्च कमी, तपासणी सोपी.

पायरी ६: फोनने पकडलेला बिघाड

कागद झाले, जीप रस्त्यावर आली आणि ४५ च्या वेगाला थरथरायला लागली. मिस्त्री म्हणाले प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस बदला. मी म्हटलं, आधी मोजू.

फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीच्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. ते फोनमधल्या ॲक्सलरोमीटरचा डेटा दाखवतं आणि एका सेकंदात किती वेळा थरथर होते (हर्ट्झ) याचा आलेख काढतं. फोन जीपच्या फरशीला टेपने घट्ट चिकटवला. गाडी मिस्त्री चालवत होते, मी दुसऱ्या फोनवर जीपीएसचा वेग बघत होतो, कारण स्पीडोमीटरवर कुणाचाच विश्वास नव्हता.

आता गणित. ४५ किमी प्रतितास म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. टायरचा घेर २.२७ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला साडेपाच वेळा फिरतं. शाफ्ट किती? मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचलून, खडूची खूण करून मी आधीच मोजलं होतं: चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पाचपेक्षा थोडे जास्त फेरे. म्हणजे शाफ्ट सेकंदाला साधारण २९ वेळा फिरतो.

आलेखात सर्वात उंच टोक कुठे आलं? साडेपाचच्या जवळ. २९ जवळ जवळजवळ काहीच नाही. म्हणजे दोष शाफ्टचा नाही, चाकाचा. टायर नवीन होते, मग रिम? चाक उचलून फिरवलं तर पुढची डावी रिम वाकडी निघाली. मागची स्टेपनी तिथे लावली आणि थरथर गेली. खर्च शून्य.

हिशोब

- पत्रा, वेल्डिंग, रंग: ३६,०००
- कागद, विमा, कर, टोइंग: ३२,०००
- हेड, नोझल, हीटर प्लग, ऑइल-फिल्टर: २३,५००
- चार टायर: १९,०००
- बॅटरी आणि वायरिंग: १२,५००
- ब्रेक: १२,०००
- ट्रान्सफर केस, शाफ्टचे सील, ऑइल: ९,०००
- स्टिअरिंग आणि पाट्यांचे बुश: ८,५००
- चुकीचे भाग: ४,५००

एकूण १,५७,०००. बजेटच्या सात हजार वर. त्यातले साडेचार हजार माझ्या घाईचे आणि सात हजार उशिराच्या दंडाचे. दोन्ही टाळता आले असते तर आम्ही दीड लाखाच्या आत होतो. वरचे सात हजार मी भरले, काकांना मागितले नाहीत. अट अट असते.

तुम्ही हे करावं का?

खरं सांगायचं तर पैशाच्या हिशोबाने नेहमी नाही. चासी सडलेली असेल, कागद गोंधळाचे असतील किंवा चासी नंबर जुळत नसेल तर हात लावू नका. या जीपला एअरबॅग नाही, एबीएस नाही. हायवेवर १०० ने पळवायची ही गाडी नाही. धूर आजच्या गाडीपेक्षा जास्त आहे, म्हणून आम्ही ती रोज वापरत नाही.

पण चासी चांगली असेल, कागद सरळ असतील आणि तुम्हाला शिकायचं असेल तर यासारखी शाळा नाही. फोनमध्ये काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. इथे प्रत्येक गोष्ट दिसते, मोजता येते आणि चुकली तर लगेच कळतं.

जीप संक्रांतीच्या चार दिवस आधी तयार झाली. गड्ड्याच्या जत्रेला काकाच चालवत घेऊन गेले, मी शेजारी. परत येताना शेताच्या वाटेवर उसाला दिलेलं पाणी फुटून पन्नास फूट चिखल झाला होता. काकांनी न बोलता छोटा लिव्हर पुढे ढकलला, जीप सावकाश पार झाली, आणि पलीकडे कोरड्या वाटेवर आल्याबरोबर त्यांनी तो परत मागे घेतला.

"कोरड्यावर टाकायचं नसतंय, माहितीय की," ते म्हणाले.

हे मीच त्यांना ऑगस्टमध्ये सांगितलं होतं. पण मी गप्प बसलो.